ई-डीएनएच्या कामात नव्याने येताय? आधी ब्लँककडे बघा

सागरी जैवविविधतेच्या सर्वेक्षणात ई-डीएनए, म्हणजे पर्यावरणीय डीएनए, वापरायचं ठरवून अनेक जण येतात. त्यांच्या डोळ्यांसमोर सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनएचा क्रम वाचण्याची, यंत्रं आणि संगणकावरची रंगीत आलेखचित्रं असतात. माझंही तसंच होतं. प्रत्यक्षात पहिले कित्येक महिने गेले ते पाणी गाळण्यात.

मासा, कासव, खेकडा, कुणीही पाण्यातून जाताना श्लेष्म, विष्ठा, त्वचेच्या पेशी मागे सोडतो. ते पाणी 0.45 किंवा 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, फिल्टरवर अडकलेला डीएनए काढायचा, पीसीआरने त्याचा ठरावीक तुकडा वाढवायचा, म्हणजे त्याच्या असंख्य प्रती करायच्या, आणि वाचायचा. कोणता तुकडा वाढवायचा हे ठरवतात प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे जुळणारे धागे. माशांसाठी 2015 मध्ये प्रसिद्ध झालेले मायफिश प्रायमर अजूनही सर्रास वापरले जातात. ते 12एस जनुकाचा सुमारे 170 बेसजोड्यांचा तुकडा पकडतात. तुकडा लहान असणं सोयीचं, कारण समुद्रात सुटा झालेला डीएनए काही तासांत-दिवसांत विरत जातो आणि लांब तुकडे आधी तुटतात. 2012 मध्ये डेन्मार्कच्या किनाऱ्यावर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या नमुन्यांतून 15 जातींचे मासे सापडले, तेव्हा या पद्धतीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

निवळ पाणी झरझर उतरतं. नदीच्या मुखाजवळचं पाणी मात्र अर्धा लिटर होण्याआधीच फिल्टर बुजवतं. तपकिरी साय धरल्यासारखा थर बसतो, पंपाचा आवाज बदलतो आणि थेंब थांबतात. अशा वेळी जोर लावू नका. फिल्टर बदला आणि प्रत्येक फिल्टरमधून किती मिली पाणी गेलं ते लिहून ठेवा. गढूळ पाण्यातली काही द्रव्यं पुढे पीसीआरही अडवतात, त्यामुळे 'इथे काही नाही' असा निकाल आला, तर तो समुद्राचा आहे की नळीतल्या अडथळ्याचा, हे तपासावं लागतं.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. प्रत्येक फेरीत एक बाटली शुद्ध पाण्याची न्यायची आणि तीही बाकीच्यांसारखीच, त्याच जागी, त्याच हातांनी गाळायची. हा फील्ड ब्लँक. त्यात डीएनए सापडला, तर तो आपल्याच हाताळणीतून आलेला. माझ्या पहिल्या मोठ्या फेरीत त्याच ब्लँकमध्ये एका माशाचे हजारो रीड्स, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे क्रम, आले. तो मासा त्याच्या आधी गाळलेल्या नमुन्यात भरपूर होता. मी चिमटा ब्लीचमध्ये बुडवला होता, पण हातमोजे बदलले नव्हते. त्या दिवसाचे सगळे नमुने बाजूला ठेवावे लागले, आणि ते योग्यच होतं: ब्लँक नसता तर तो मासा मी चार ठिकाणी 'आढळला' म्हणून नोंदवला असता. तेव्हापासून दर नमुन्याला नवे हातमोजे घेते, बाकडं ब्लीचने पुसते आणि चिमटा ब्लीचनंतर शुद्ध पाण्याने धुते, कारण राहिलेलं ब्लीच पुढच्या नमुन्याचा डीएनएही खातं. पीसीआर आधीची आणि पीसीआर नंतरची खोली वेगळी ठेवा. वाढवलेल्या डीएनएचा एक सूक्ष्म थेंबही आधीच्या खोलीत येता कामा नये.

संगणकाचं काम शिकता येतं, त्याला घाबरू नका. अडचण येते ती संदर्भसंचाची, म्हणजे ज्याच्याशी आपले क्रम जुळवून पाहतो त्या ओळखीच्या जातींच्या क्रमांच्या साठ्याची. तुमच्या भागातल्या जातीचा डीएनए तिथे नसेल, तर क्रम जुळणार नाही किंवा जवळच्या भलत्याच जातीशी जुळेल. शिवाय काही जवळच्या जाती 12एसच्या एवढ्याशा तुकड्यावर वेगळ्या ओळखूच येत नाहीत, अशा ठिकाणी जातीचं नाव न देता तिच्या वरच्या गटापर्यंत, म्हणजे जीनसपर्यंतच थांबावं. रीड्सच्या संख्येवरून किती मासे आहेत हे सांगण्याचा मोहही आवरा. आणि जाळ्यातला मासा हातात घेऊन पंखांचे काटे मोजणाऱ्या वर्गीकरणतज्ज्ञाशी ओळख करून घ्या. माझ्या यादीत एकदा खोल पाण्यातली एक जात उथळ खाडीत दिसत होती, तेव्हा यादीवरून बोट फिरवत त्यांनी तिथेच थांबून विचारलं, 'हा इथे कसा?' आम्ही तो क्रम पुन्हा काढला. संदर्भसंचातली नोंदच चुकीच्या नावाने चढलेली निघाली.