फ्रायरची टाकी आतून धुताना

वडे-भजी तळणाऱ्या फ्रायरमध्ये बेसनाचा चुरा तळाशी बसतो, जळतो आणि ताजं तेलही दोन दिवसांत काळं करतो. म्हणून रोज तेल गाळाच, पण कडेला चिकटलेला तपकिरी थर गाळण्याने जात नाही. त्याला उकळीच द्यावी लागते.

तेल साधारण ५० अंशांवर आलं की काढा. गार तेलाबरोबर गाळ नीट वाहून येत नाही. टाकीत तेलाच्या खुणेच्या चार बोटं खालपर्यंत पाणी भरा, दर लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाका आणि २० मिनिटं मंद उकळू द्या. थर्मोस्टॅट १०० च्या खालीच ठेवा, नाहीतर फेस उतू जाऊन बर्नरवर किंवा वायरिंगवर येतो. हे फक्त स्टीलच्या टाकीसाठी. ॲल्युमिनियम सोड्याने काळं पडतं आणि झिजतं. तारेची घासणीही नको, तिचे तुकडे तेलात उतरतात.

पाणी काढून दोनदा स्वच्छ धुवा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला. सोडा उरला तर नवीन तेल फेसाळतं. मग कोरडं पुसा, नळाच्या तोंडाशीसुद्धा. तिथे अडकलेलं पाणी गरम तेलात गेलं की तेल उसळतं. टाकी रिकामी असताना कॉइल चालू करू नका, जळेल.

घरच्या छोट्या फ्रायरची कॉइल सुटी होत असेल तर ती पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

हॉटेलवाल्यांसाठी: पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांवर गेलेलं तेल भारतात वापरता येत नाही. टाकी कितीही चकचकीत असली तरी.