बाळ नक्की कोणाच्या यादीत आहे? गावात लहान मुलांच्या आरोग्याचं काम मिळून कसं करायचं

लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात एक मुलगी आणली होती, अडीच महिन्यांची, काट्यावर घातली तर २ किलो ६०० ग्रॅम. कार्ड उघडलं तर जन्माचं वजन १ किलो ९००. म्हणजे अडीच महिन्यांत फक्त सातशे ग्रॅम, आणि या वयात बाळ महिन्याला पाऊण किलोच्या आसपास तरी वाढायला हवं. दीड महिन्याची लससुद्धा तिला त्या दिवशी मिळत होती. आईला विचारलं तर म्हणाली, सिस्टर, सासरी आल्यापासून कोणी आलंच नाही हो.

मग मी फोन करत बसले. माहेरच्या आशाताईने तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी भेटी दिलेल्या, पण घरात काहीतरी कारण निघालं आणि बाळंतीण वीस दिवसांतच सासरी गेली, म्हणून तिने रजिस्टरमध्ये 'सासरी गेली' असं लिहून पान बंद केलं. सासरच्या आशाताईला वाटलं सव्वा महिन्याने येईल, नेहमी तसंच तर असतं. अंगणवाडीच्या यादीत गरोदर माता म्हणून नाव होतं, पुढे शेरा 'माहेरी'. तिन्ही रजिस्टरं बरोबर होती, कोणी कामात कुचराई केलेली नव्हती, आणि तरी ती मुलगी जवळजवळ दोन महिने कोणाचीच नव्हती. ही गोष्ट मला अजून टोचते कारण तेव्हा त्या उपकेंद्राची सिस्टर मीच होते.

आता मी आरोग्य सहायिका आहे, बऱ्याच गावांत जाणं होतं, त्यामुळे जे करून बघितलं आणि चाललं ते इथे लिहितेय. आशाताई, अंगणवाडीच्या सेविकाताई, सिस्टर, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), आशांचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक, कोणीही असाल तरी उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट समजून घ्या. अंगणवाडी महिला व बालविकासची, ती १९७५ पासून चालू आहे, आणि आशा २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली, ती आरोग्य विभागाची. दोघींचे साहेब वेगळे, अ‍ॅप वेगळं, रिपोर्टची तारीख वेगळी. वरून कोणी येऊन हे एकत्र करून देईल म्हणून थांबायचं नाही, गावात आपल्यालाच करावं लागतं, आणि ते जमतं.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे याद्या जुळवणं. महिन्यातली एक सकाळ त्यासाठीच ठेवायची, अंगणवाडीत बसायचं, ऑफिसला नाही. सिस्टरचं रजिस्टर, आशाताईची डायरी, सेविकाताईचं रजिस्टर किंवा मोबाइल, तिन्ही समोर. आणि नावं रजिस्टरच्या क्रमाने वाचायची नाहीत, गल्लीने वाचायची. म्हणजे देवळापासून सुरू करून एकेक घर डोळ्यासमोर आणायचं आणि विचारायचं की या घरात पाच वर्षांच्या आतलं कोण आहे, कोण गरोदर आहे, कोण बाहेरगावाहून आलंय. असं केलं की यादीत नसलेली मुलं आपोआप आठवतात, कारण घर आठवतं पण यादीत नसलेलं नाव कसं आठवणार? मदतनीस ताईंना यात बसवाच बसवा. रोज घरोघरी जाऊन मुलांना गोळा करून आणतात त्या, कोणाच्या घराला कुलूप आहे हे त्यांना आपल्या सगळ्यांच्या आधी कळतं.

नावांचा घोळ इथेच सोडवायचा. बाईचं माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं दुसरं, आधारवर तिसरंच काहीतरी. बाळाचं बारसं व्हायच्या आधी रजिस्टरमध्ये नुसतं 'बेबी ऑफ' लिहिलेलं असतं, नंतर घरी हाक मारतात चिऊ आणि कागदावर दुसरंच. आम्ही आईची दोन्ही नावं, नवऱ्याचं नाव आणि घराची खूण, इतकं तिन्हीकडे सारखं लिहायला लागलो तेव्हा कुठे याद्या जुळायला लागल्या. जे नाव तिघींकडे आहे त्याला टिक, जे एकीकडेच आहे त्याला लाल गोल. त्या लाल गोलांच्या घरी त्याच दिवशी जायचं, उद्यावर टाकायचं नाही. पहिल्यांदा कराल तेव्हा दोनतीन तास जातील, कंटाळा येईल, पुढच्या महिन्यापासून तासाभरात होतं.

आता माहेर-सासर. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे आणि ती चांगली रीत आहे, लेकीला विश्रांती मिळते, आई जवळ असते. पण एचबीएनसीच्या, म्हणजे नवजात बाळासाठी आशाताई घरी जाऊन देते त्या भेटी बघा, दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ४२ दिवस म्हणजे आपला सव्वा महिनाच जवळजवळ! बाळ जितके दिवस सगळ्यात नाजूक असतं नेमके तितकेच दिवस ते आपल्या गावच्या यादीत नसतं. म्हणून आम्ही एक साधा नियम केला. सातव्या महिन्यात बाई माहेरी निघाली की सासरच्या आशाताईने माहेरच्या आशाताईचा नंबर मिळवायचा (नसेल तर गटप्रवर्तक शोधून देतात) आणि दोन्ही आशांचे नंबर माता बाल संरक्षण कार्डाच्या आतल्या पानावर पेनाने लिहायचे. बाळंतीण परत निघाली की माहेरची फोन करते, 'निघाली' म्हणून. सासरची दोन दिवसांच्या आत घरी जाऊन बाळ बघते आणि उलटा फोन करते, 'बघितलं' म्हणून. हा दुसरा फोन येईपर्यंत माहेरच्या आशाताईने पान बंद करायचं नाही. सगळा जीव या दुसऱ्या फोनात आहे, निरोप दिला म्हणजे पोचला असं आपण धरून चालतो ना, तिथेच बाळ निसटतं. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या घरांचं पण असंच करा, दिवाळीच्या आसपास टोळ्या हलायच्या आधी त्यांची मुलं एकदा बघून, वजन करून, लस राहिली असेल तर देऊन, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्याच हातात द्या आणि मुकादमाचा नंबर लिहून घ्या.

वजन आणि मोजमाप दोघींनी मिळून करायचं. एकीने बाळ धरायचं आणि काटा वाचायचा, दुसरीने आकडा मोठ्याने परत म्हणायचा आणि मग लिहायचा. काटा आधी शून्यावर आणा, थंडीत स्वेटर काढा, हातातला कडा-वाळा काढता येत असेल तर काढा. दंडाची पट्टी सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांना लावायची, ११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल म्हणजे सॅम (तीव्र कुपोषित), ११.५ ते १२.५ पिवळं म्हणजे मध्यम कुपोषित. पट्टी आवळायची पण नाही आणि सैल पण सोडायची नाही, आणि हे सांगून कळत नाही, दोघींनी एकाच मुलाला एकापाठोपाठ लावून बघा आणि आकडे एकमेकींना न दाखवता लिहा. फरक आला की हसून सोडून द्यायचं नाही, परत लावायची.

श्वास मोजण्याचं तर मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. आठ दिवसांचं बाळ, आशाताईने मोजले ६४, शेजारी बसलेल्या सिस्टरने मोजले ५६. दोघी घाबरल्या की आता कोणाचं चूक. खरं म्हणजे आशाताई मोजत असताना बाळ मध्येच कुरकुरलं होतं आणि तिने मोजणं तसंच चालू ठेवलेलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त आले तर परत एकदा पूर्ण मिनिट मोजायचे असतात, बाळ शांत असताना, अंगावरचा कपडा वर करून पोटाकडे बघत. परत मोजले, दोघींचे ५२ आणि ५३. त्या दिवसानंतर ती आशाताई अडलं की लगेच फोन करायला लागली, आधी करत नव्हती, कारण आधी तिला वाटायचं सिस्टर ओरडेल.

हे ओरडण्याचं मला जरा सविस्तर सांगायचंय. आढावा बैठकीत ज्या सेविकेकडे सॅमची मुलं जास्त निघतात तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारतात, तुझ्याकडे एवढी कशी? मग पुढच्या महिन्यात ती मुलं कागदावर शे-दोनशे ग्रॅमने वाढतात आणि घरी तशीच राहतात. जे पर्यवेक्षिका आहेत, मेडिकल ऑफिसर आहेत, त्यांना हात जोडून सांगते, लाल पट्टीतलं मूल शोधून आणणाऱ्या बाईला शाबासकी द्या. तिने ते मूल लाल केलेलं नाही, शोधलंय. आणि गावातल्या मीटिंगमध्ये सिस्टरने किंवा डॉक्टरांनी आधी बोलायचं नाही. आधी आशाताई, मग सेविकाताई, मग बाकीचे. मोठं माणूस आधी बोललं की खालच्या बाया 'हो सर, हो मॅडम' करून गप्प बसतात आणि खरी माहिती त्यांच्या पोटातच राहते.

मीटिंग लांबवू नका, वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. फक्त काळजीतल्या मुलांची नावं घ्यायची आणि प्रत्येक नावापुढे तीनच गोष्टी, मागच्या वेळेस काय ठरलं होतं, ते झालं का, आणि आता कोण कधी जाणार. 'आपण बघू' असं लिहायचं नाही, एका बाईचं नाव आणि वार लिहायचा.

रेफरलला, म्हणजे मूल पुढच्या दवाखान्यात पाठवताना, सगळ्यात जास्त घोळ होतात. चिठ्ठी लिहून आईच्या हातात दिली म्हणजे रेफर झालं नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांना आईसोबत दाखल करतात तिथे, साधारण चौदा दिवस राहावं लागतं, आता विचार करा त्या आईच्या घरी अजून दोन मुलं आहेत, म्हैस आहे, सोयाबीन काढायला आलंय, सासूने हो म्हटलं नाही तर ती कशी जाईल? म्हणून हे काम वाटून घ्या. सासूशी बोलायला सेविकाताई, कारण तिच्या सगळ्या नातवंडांना तिनेच खिचडी खाऊ घातलीय, तिचा शब्द राहतो. गाडीचं आणि आधी फोन करून खाट आहे का विचारायचं काम सिस्टरचं. सोबत आशाताई, तेही वॉर्डात बसवून मगच परत. आईला बुडीत मजुरी मिळते हे आधीच सांगा, आणि मागच्या दोन पोरांना या दिवसांत अंगणवाडीत मदतनीस ताई बघतील हेही सांगा, पुष्कळदा आई तिथेच अडलेली असते. डिस्चार्ज झाला की तारीख गावात कळलीच पाहिजे. केंद्रातल्या सिस्टरला आपला नंबर द्या आणि आपण पण दहाव्या दिवसापासून फोन करत राहा, कारण घरी आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांतच वजन परत घसरतं असा माझा अनुभव आहे, आणि फॉलोअपला परत नेणं हे पहिल्यांदा नेण्यापेक्षा अवघड असतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर कामाचा वेगळा ठेवा, गुड मॉर्निंगचा वेगळा. कामाच्या ग्रुपवर मुलाचा फोटो, पूर्ण नाव, आजार असं काही टाकायचं नाही, घराची खूण पुरते. आणि मेसेज वाचून अंगठा दाखवणं म्हणजे काम घेतलं असं नाही, जिने घेतलं तिने 'मी जाते' असं लिहायचं.

आकडे मोजायचे तर एकावेळी एकच मोजा. आम्ही पहिल्यांदा फक्त एवढंच धरलं की या महिन्यात जन्मलेल्या बाळांपैकी कितींना तिसऱ्या दिवशी कोणी तरी बघितलं. कार्डशीटवर रेघ काढून उपकेंद्राच्या भिंतीला लावलं. दोन महिने रेघ खालीच, मग लक्षात आलं की तालुक्याच्या दवाखान्यातून डिस्चार्ज कधी झाला हेच आशाताईला कळत नाही. तेव्हा १०२ रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरदादांना सांगितलं की बाळंतीण घरी सोडली की आशाला एक मिसकॉल द्या. बस, एवढ्यानेच रेघ वर गेली. ड्रायव्हरदादा टीममध्ये असतात हे आम्हाला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

गावातल्या बाया हे काम करू शकतात का अशी शंका कोणी काढली तर गडचिरोलीचं सांगा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशा त्याच धर्तीवर घरभेटी करतात. पण त्या बायका एकट्या नव्हत्या, त्यांचं काम बघायला आणि चुकलं तर तिथेच शिकवायला डॉक्टर नियमाने गावात जायचे, हे आपण सांगताना विसरतो.

शेवटी बदलीचं. सिस्टर बदलली की गावाची निम्मी माहिती तिच्याबरोबर जाते. चार्ज देताना नुसतं रजिस्टर आणि स्टॉक मोजून देऊ नका, नव्या सिस्टरला एक दिवस आशाताई आणि सेविकाताईंबरोबर काळजीतल्या मुलांच्या घरी फिरवा, पायी. मी तिथून निघाले तेव्हा नव्या सिस्टरला घेऊन पहिल्यांदा त्या मुलीच्या घरी गेलो. पोषण पुनर्वसन केंद्रात राहून आल्यावर तिचं वजन सावकाश वाढत गेलेलं, तेव्हा ती दीड वर्षाची होती, दारात उभी राहून भाकरीचा तुकडा चघळत होती. आजीने न सांगता आतून प्लास्टिकची पिशवी आणली, कार्ड काढलं आणि नव्या सिस्टरला म्हणाली, तुमचा पण नंबर लिवा हितं.