मेळघाटातल्या ढाण्यावर पुस्तकपेटी नेण्याआधी

मुलांच्या पुस्तकांची पेटी पावसाआधी ढाण्यावर, म्हणजे कोरकू आदिवासींच्या वस्तीवर, पोचलेली हवी. एकदा नाले भरले की धारणी-चिखलदऱ्याच्या आतल्या भागातले रस्ते तुटतात. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात, म्हणून पुस्तकांची अदलाबदल जुलै ते ऑक्टोबर दर आठवड्याला ठेवा. बाहेरगावी निघालेल्या मुलासोबत दोन पुस्तकं खुशाल द्या, ती परत येतील हे मात्र धरून चालू नका.

तीस मुलांना साठ पुस्तकं पुरतात. त्यांतली निम्मी चित्रांची, पानाला एक-दोन ओळींची. वीसेक पानाला चार-पाच ओळींची. उरलेली मोठ्या गोष्टींची आणि माहितीची. मुलं जोडीनं वाचतात, म्हणून आवडतील अशा चार-पाच पुस्तकांच्या दोन-दोन प्रती घ्या. देणगीतली पोती आधी शहरातच निवडा. जुन्या गाइडा, दिवाळी अंक आणि पानं गळालेली पुस्तकं डोंगर चढवून नेण्यात अर्थ नाही.

खरी मेहनत भाषेची. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. पहिलीतल्या पोराला पुस्तकातली मराठी परकीच असते. म्हणून ढाण्यावरच्या म्हाताऱ्या माणसांकडून आठ-दहा छोट्या गोष्टी ऐकून देवनागरीत कोरकूमध्ये लिहून घ्या, खाली मराठी द्या. लिहिलेलं दुसऱ्या कोरकू माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. तो जिथं अडखळेल तिथलं लेखन बदला. चित्रं मुलांनाच काढू द्या. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, त्या छापायला हरकत नाही. पण डाउनलोड आणि छपाई परतवाड्यातच उरका, पुढं नेटवर्कचा भरवसा नाही.

पातळ पुस्तकांच्या पिना दमट हवेत गंजतात आणि मधलं पान सुटतं. पिना काढून जाड दोऱ्यानं तीन टाके घाला, वर प्लॅस्टिकचं कव्हर चढवा. पेटी चोवीस इंची पत्र्याची, दोघांना उचलता येईल एवढीच भरा. तळाशी वाळलेला कडुलिंबाचा पाला टाका. डांबराच्या गोळ्या नकोत, लहान मूल गोळी समजून तोंडात घालतं. पेटी जमिनीवर ठेवली तर वाळवी लागते. खाली चार विटा द्या आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. कडी पुरे. कुलूप लावलं की किल्लीवाला नेमका बाजाराला गेलेला असतो.

पेटी सांभाळायला बारावीपर्यंत शिकलेली, कोरकू बोलणारी ढाण्यावरचीच मुलगी किंवा मुलगा शोधा आणि मानधन आधीच ठरवा. वहीत चारच रकाने: नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. ज्यांना नाव लिहिता येत नाही त्यांनी आपली खूण काढावी, मासा, मोर, काहीही. वर्षाला आठ-दहा पुस्तकं हरवणार, फाटणार. तेवढ्यांचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढा. दंड लावलात तर मुलं पुस्तक घरी न्यायचंच सोडतात, आणि वर्षअखेरीस कोरी करकरीत पेटी तुमच्याकडे परत येते.

पहिल्या दिवशी वाचायची गोष्ट आदल्या रात्री तीनदा मोठ्यानं वाचून पाहा. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं, तर ओळी बाजूनं दिसायला हव्यात. वीस मिनिटं पुरे, नंतर पेटी उघडी टाकून बाजूला बसा.