दोन फुटी मत्स्यपेटी: मासे घरी आणण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम जागा निश्चित करावी. दोन फूट लांब आणि प्रत्येकी एक फूट रुंद व उंच पेटीत हिशेबाने सुमारे ५७ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटरच्या आसपास उरते आणि काच-खडी धरून एकूण भार ६० किलोंच्या पुढे जातो. त्यामुळे टेबल भक्कम व सपाट असावे आणि खिडकीतले ऊन पेटीवर थेट पडू नये, कारण शेवाळाची निम्मी तक्रार तिथूनच सुरू होते.

मासा निवडण्याआधी नळाचे पाणी ओळखावे. न्हाणीघरातल्या बादलीच्या कडेला पांढरा, नखाने खरवडावा लागणारा थर धरत असेल, तर पाणी जड आहे असे समजून गप्पी, प्लॅटी यांचा विचार करावा. असा थर धरत नसेल, तर टेट्रा, रासबोरा यांना ते पाणी मानवण्याची शक्यता अधिक. पाणी न बदलता मासा बदलणे स्वस्त पडते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवणारे औषध आधीच आणून ठेवावे.

पेटी भरून स्पंज फिल्टर सुरू केल्यावर चार ते सहा आठवडे मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावे, म्हणजे त्याच्या कुजण्यातून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजात वस्तीला येतात. चाचणीच्या थेंबांनी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत धीर धरावा. घरातल्या मुलांना हे पटवणे हाच तयारीतला सर्वांत अवघड भाग असतो.

सोबती निवडताना पूर्ण वाढलेला आकार, तापमान आणि स्वभाव पाहावा. एंजल मासा मोठा झाला की लहान टेट्रा गिळतो, टायगर बार्ब लांब शेपट्या कुरतडतो, आणि फायटरला गप्पीची झुलती शेपूट प्रतिस्पर्ध्याची वाटते. गोल्डफिशला थंड पाणी व बरीच मोठी पेटी लागते. उन्हाळ्यात घरातले पाणी ३० अंशांकडे झुकत असेल, तर निऑनपेक्षा कार्डिनल टेट्रा बरा. तो आठ-दहांच्या थव्यातच ठेवावा. गप्पी घेतल्यास सगळे नर घ्यावेत, अन्यथा मादी साधारण महिन्याला पिल्ले देते आणि सारा हिशेब कोलमडतो.

‘शेवाळ खातो’ म्हणून दुकानात हमखास गळ्यात मारला जाणारा सकर मासा यादीतून आधीच खोडावा. बोटाएवढा आणलेला हा मासा फूटभराहून मोठा होतो, विष्ठेने पाणी खराब करतो आणि शेवटी नदीत सोडला जातो, जिथे तो स्थानिक माशांच्या मुळावर येतो. त्याऐवजी दोन-तीन नेराइट गोगलगायी पुरतात.

नव्या पेटीत काचेवर चहाच्या साक्यासारखा तपकिरी थर येतो. तो बोटाने सहज पुसला जातो आणि बहुधा आपोआप ओसरतो, म्हणून घाबरून औषध ओतू नये. हिरवे शेवाळ मात्र उरलेला प्रकाश आणि उरलेले खाद्य यांवर पोसले जाते. यासाठी दिव्याला टायमर लावून तो सुरुवातीला सहा तासच चालू ठेवावा, खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे, आणि पहिल्या दिवसापासून हॉर्नवर्ट किंवा वॅलिसनेरियासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती भरपूर लावाव्यात, ज्या शेवाळाच्या ताटातले आधीच खाऊन टाकतात. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता बाजूला काढलेल्या जुन्या पाण्यातच पिळावा, नाहीतर महिनाभर जमवलेले जिवाणू क्लोरीनने मरतात.

मासे आणण्याच्या दिवशी दिवा बंद ठेवून पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी, तीत थोडे-थोडे पेटीतले पाणी मिसळावे आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी मोरीत ओतावे.