कार इन्शुरन्स घेताना कोणतं कव्हर घ्यायचं, सोलापूरकरांसाठी

रिन्यूअलचा मेसेज आला की आपण सगळे पहिल्यांदा प्रीमियम बघतो आणि जिथं कमी तिथं पैसे भरून मोकळे होतो. तसं करू नका, आधी आयडीव्ही बघा. गाडी चोरीला गेली किंवा पार भंगारात जाण्यासारखी ठोकली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार तो हा आकडा, आणि बऱ्याचदा प्रीमियम स्वस्त दिसावा म्हणून हाच खाली आणलेला असतो. तुमच्या गाडीला आज बाजारात काय भाव येतोय ते विचारून घ्या आणि आयडीव्ही त्याच्या आसपास ठेवायला सांगा.

मग प्रकार ठरवा. थर्ड पार्टी कायद्यानं लागतंच, त्याचे रेट सरकारनं ठरवलेत त्यामुळे तिथं घासाघीस करून उपयोग नाही. त्यात समोरच्याचं नुकसान भरून निघतं, आपल्या गाडीला एक रुपया मिळत नाही. गाडी खूप जुनी आहे आणि सात रस्ता ते नवी पेठ एवढीच फिरते, तर ते चालेल. बाकीच्यांनी फर्स्ट पार्टीच, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही भरून देणारी पॉलिसीच घ्या, कारण ऊसाच्या सीझनला रात्री पंढरपूर नाहीतर अक्कलकोट रोडला बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या किती असतात ते आपल्याला माहितीच आहे.

आता झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं जादा कव्हर. समजा बंपर फुटला, बिल १२,००० चं. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात म्हणजे ६,००० तिथंच गेले, वरून लहान गाडीला १,००० कम्पल्सरी कापणार, हातात ५,०००. झिरो डेप असेल तर फक्त ते १,००० तुमच्या खिशातून जातात. गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर हे घ्याच असं माझं स्पष्ट मत आहे.

इंजिन प्रोटेक्शन इथं कशाला, आपल्याकडं पाऊसच कमी, असं म्हणणारे भरपूर होते, पण २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुरानं काय केलं ते सगळ्यांनी बघितलं. इंजिनमध्ये पाणी जाऊन झालेला खर्च साध्या पॉलिसीत शक्यतो मिळत नाही. आणि हे कव्हर असलं तरी पाण्यात बंद पडलेल्या गाडीला परत सेल मारू नका, टो करूनच न्या.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल रिन्यूअलला प्रीमियमवर मिळणारी सूट, विसरू नका. पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत वाढत ५० पर्यंत जातो, म्हणून बारक्या ओरखड्यासाठी क्लेम टाकू नका. पॉलिसी संपून ९० दिवस गेले की तो बोनस गेला.

सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडं नोंद करून घ्या. आणि एक कळकळीनं सांगतो, प्रायव्हेट पासिंगची गाडी तुळजापूर-गाणगापूरच्या भाड्याला लावू नका, त्यात ॲक्सिडेंट झाला तर कंपनी क्लेम नाकारू शकते आणि गाडीतल्या माणसांचे हाल होतात. भाडीच मारायची असतील तर टुरिस्ट पासिंग करून कमर्शियल पॉलिसी काढा.