एका उताऱ्याचे तीन उतारे: इंग्रजीच्या वर्गासाठी एआय कसे वापरावे

आठवीच्या एकाच वर्गात कुणी सलग वाचतं, तर कुणी अजून अक्षरं जुळवतं. एकच मजकूर तीन पातळ्यांवर लिहायला चॅटजीपीटी किंवा जेमिनी उपयोगी पडतं. शिक्षकाचा एक मोबाइल पुरतो.

१. 'सोपं इंग्रजी लिही' एवढ्यानं भागत नाही. ए१ (सर्वांत सोपी), ए२, बी१ (तिन्हींत अवघड) या युरोपीय भाषापातळ्या एआयला कळतात, पण लिहिताना ते त्यांवरून घसरतं. म्हणून मोजता येतील अशा अटी घाला: १२० शब्द, वाक्यात जास्तीत जास्त १० शब्द, फक्त साधा भूतकाळ. धड्यातले ८ नवे शब्द स्वतः टाइप करा. प्रत्येक शब्द दोनदा यायला हवा. ब्रिटिश स्पेलिंग मागा, नाहीतर 'कलर'मधला यू गळतो. प्रसंगही तुम्हीच द्या, एसटी स्टँड किंवा आठवडी बाजार. नाहीतर जॉन बर्फात खेळायला निघतो.

२. आधी बी१चा उतारा घ्या आणि त्यावरूनच ए२, ए१ करवून घ्या. तिन्ही वेगवेगळे मागितले तर घटना बदलतात आणि गटांना एकत्र चर्चा करता येत नाही.

३. प्रश्न वेगळ्या संदेशात मागा. खरी मेहनत इथे आहे. बहुपर्यायी प्रश्नांत बरोबर पर्याय बऱ्याचदा सर्वांत लांब असतो. मुलं हे लगेच हेरतात. चारही पर्याय साधारण सारख्या लांबीचे करायला सांगा. मग उतारा झाकून प्रश्न सोडवून पाहा. जो तरीही सुटतो, तो बाद. प्रत्येक उत्तराशेजारी उताऱ्यातलं आधारवाक्य मागा आणि ते उताऱ्यात शोधा, कारण नसलेलं वाक्यही एआय ठामपणे देतं.

४. छापण्यापूर्वी शब्द स्वतः मोजा. एआय मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांत हाताळतं, म्हणून त्याची शब्दसंख्या चुकते.

एआयकडून मुलांचे निबंध तपासून घेताना त्यांची नावं, शाळेचं नाव टाकू नका. एका वेळी एकाच प्रकारची चूक शोधायला लावा, उदाहरणार्थ 'अ', 'ॲन', 'द' गाळणं. मराठीत आर्टिकल नसल्यानं ही चूक हमखास होते. दुरुस्ती नको, फक्त ओळ क्रमांक आणि इशारा मागा. तयार दुरुस्त निबंध मिळाला की मुलं तो उतरवून काढतात. मुलांच्या हाती थेट चॅटजीपीटी द्यायचं असेल तर वयाची अट पाहा: १३ वर्षांखाली परवानगी नाही, १८पर्यंत पालकांची संमती लागते.