जाम बोल्टाशी गाठ पडते तेव्हा

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकची दोन वर्षं काढून पोरं येतात, पण तिथलं इंजिन प्रत्येक बॅचने खोलून परत बसवलेलं असतं. त्याचे बोल्ट हाताने फिरवले तरी सुटतील. गॅरेजात येते ती दहा-बारा वर्षं रस्त्यावर राबलेली गाडी. मी रत्नागिरीत काम करतो, म्हणजे वर समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस. इथे पाना लावला आणि बोल्ट सुटला असं झालं की आम्हालाच संशय येतो, कुणी आधी खोलून गेलंय का म्हणून.

नवीन माणसाला सगळ्यात जास्त रडवतात ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे नट. सकाळी थंड इंजिन चालू केलं की हेडपाशी, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागापाशी, फट-फट आवाज येतो आणि गरम झालं की कमी होतो. गॅस्केट, म्हणजे मधलं पॅकिंग, गेलं असं समजायचं. काम सोपं आहे, नट काढून पॅकिंग बदलायचं. पण स्टड (हेडमध्ये रोवलेला बिनडोक्याचा बोल्ट, त्यावर नट बसतो) पोलादाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आणि रोज तापणं-थंड होणं चालू. शिवाय गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं. आट्यांमधली बारीक फट गंजाने भरून घट्ट होते, म्हणून ताकद लावून भागत नाही.

पहिल्यांदा पाना हातात घ्यायचाच नाही. वायर ब्रश घ्या आणि नटाच्या बाहेर आलेले स्टडचे आटे घासून स्वच्छ करा. हे नव्वद टक्के लोक करत नाहीत. नट जागचा हलतो, दोन फेरे येतो आणि बाहेरच्या गंजक्या आट्यांवर पुन्हा अडकतो. तिथेच स्टड तुटतो. मग रस्ट ऑइल मारा, संध्याकाळी एकदा आणि सकाळी पुन्हा. मधे छोट्या हातोडीने नटाच्या डोक्यावर टकटक करत राहा, म्हणजे तेल आत उतरायला वाट मिळते. काही उस्ताद रस्ट ऑइल सोडून ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळतात. चांगलं चालतं, पण अ‍ॅसिटोन भडकतं, गरम मॅनिफोल्डच्या जवळ नेऊ नका.

गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट, सहा कोनीच वापरा. बारा कोनी गोटी नटाचे कोपरे धरते आणि गंजलेले कोपरे लगेच गोल होतात. आकारातही फसगत होते. जपानी पद्धतीच्या गाड्यांत 8 एमएमच्या बोल्टाला 12 नंबर लागतो, युरोपियन गाड्यांत 13. बाराच्या नटावर तेराची गोटी 'बसतेय की' म्हणून लावली, की नट गेलाच. तेराचा नट गोल झाला असेल तर अर्ध्या इंचाची गोटी हातोडीने ठोकून बसवा. ती 12.7 एमएमची असते, घट्ट धरते.

आता खरी गोष्ट, हाताला काय लागतं ती. आधी नट केसभर आवळा, मग सोडवा. 'टक' असा कोरडा आवाज आला तर सुटला समजा. आवाज नाही, पण पाना सरकतोय, आणि हात सैल सोडला की मागे येतोय, तर नट फिरत नाहीये, स्टड पिळवटतोय. तिथेच थांबा. अजून जोर लावला तर तुटेल. परत आवळा, तेल मारा, पाव फेरा पुढे आणि पाव फेरा मागे करत राहा. चीं-चीं आवाज येतो, तेलाबरोबर लाल चिखल बाहेर पडतो. तो चिखल दिसला की माझा जीव भांड्यात पडतो.

पाईप घालून जोर लावायचा मोह होतोच. जरा हिशोब करा. 8.8 ग्रेडचा (हा मजबुतीचा दर्जा) 8 एमएमचा बोल्ट साधारण 25 न्यूटन-मीटरला आवळतात, हे पिळाच्या जोराचं माप. दोन फुटी पाईपच्या टोकाला 20 किलोचा जोर दिला की 120 होतात. चाकाच्या नटाला ठीक आहे, मॅनिफोल्डच्या स्टडला नाही.

तेलाने भागलं नाही तर गॅसची ज्योत. पण नट तापवा, स्टड नाही, कारण नट फुगला तरच सैल होतो. स्टडच हेडमधून काढायचा असेल तर आजूबाजूचं हेड हळूहळू तापवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. धोका इतकाच की ते लाल होत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम साधारण 660 अंशांना सरळ वितळतं, हेडचं मिश्रण त्याच्याही आधी, आणि आधी काही सांगत नाही. ज्योत एका जागी धरू नका. त्याआधी मारलेलं तेल पुसा, पेट्रोलची पाईप आणि वायरिंग बाजूला करा, बादलीभर वाळू जवळ ठेवा. नट गरम असताना त्याला मेणबत्ती टेकवली तर मेण आट्यांत ओढलं जातं. तेल नसलं तर मी हेच करतो.

एवढं करूनही तुटला तर तुटला. नवख्याने ईझी-आउटला (तुटका स्टड काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते कडक पण ठिसूळ असतं, आत मोडलं की साधं ड्रिल त्यावर चालत नाही आणि दुपटीचं काम होतं. त्यापेक्षा तुटक्या टोकावर नट ठेवून वेल्डिंग करा. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मं काम होतं, थोडं निवू द्या आणि पाना लावा. तेही नाही जमलं तर मधोमध पंच मारून ड्रिल करायचं. इथे मधोमध म्हणजे मधोमधच, नाहीतर भोक हेडमध्ये जातं. शेवटी 6.8 एमएमचं ड्रिल आणि आटे पाडायचा टॅप, किंवा हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी.

बसवताना नवीन स्टड आणि नट घ्या, तांब्याची पेस्ट लावा आणि पेस्ट लावलीत तर टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, थोडा कमी ठेवा. हेड बोल्टांच्या बाबतीत नियम वेगळा आहे. अनेक नव्या इंजिनांत ते अंशांत, म्हणजे कोन मोजून, आवळून ताणलेले असतात, परत वापरायचे नसतात.

गिऱ्हाइकाला काम हातात घेण्याआधीच सांगा, दोन स्टड तुटू शकतात, तुटले तर मजुरी वाढेल. आधी सांगितलं तर ते अंदाज समजतात, नंतर सांगितलं तर बहाणा. तुटलेला तुकडा फेकू नका. गाडी न्यायला आले की हातात द्या. अर्धा भाग गंजाने खाल्लेला दिसतो आणि बिलावर फारसं बोलणं होत नाही.